बाराव्या खेपेचं पहिलं दर्शन

पुरानी बस्तीत कोणालेबी विचारा, हिमाचलातली धारवाली माता पाहायची तर कसं करायचं. तो माणूस तुमाले गाडीचं नाव नाही सांगणार. तो म्हणन, पहिले बाबारावकडे जा.

बाबाराव म्हणजे वॅगन रिपेअर शॉपातून रिटायर झालेला फिटर. माणूस साडेपाच फुटाचा, पण आवाज असा का तो आपल्या अंगणात खाकरला तर बाजूच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, कुत्रे उठत. दसरा उरकला का दर साली तो पंधरा-वीस लोकायले घेऊन निघे. रायपूरहून दिल्ली, दिल्लीहून अंबाला, तिथून बस, बस संपली का जीप, आन जीप संपली का आपले पाय. कोणाचं बीपी आहे, कोणाले खालचा बर्थ पायजे, कोण गाडीत ओकते, सारं त्याच्या डोक्यात. असे त्यानं अकरा साल काढले.

जायच्या आधी महिनाभर तो सगळ्यायले तेलीबांधा तलावाच्या भोवती चालवे. म्हणे, रायपूर हजार फुटावर, माता दहा हजारावर, मधले नऊ हजार फूट काही तुमचा बाप चढून देणार नाही. आन चालता चालता वाट सांगे. सात मोड आहेत. पहिल्यावर घंटा, डाव्या हाताले. दुसऱ्यावर पाण्याचं टाकं, पाणी असं थंड का दात वाजतात. तिसऱ्यापासून एका अंगाले दरी. चौथ्यावर वीज पडलेला देवदार, अर्धा काळा, अर्धा हिरवा. पाचव्यावर दोन दगड एकमेकायकडे पाठ करून उभे, त्यायले सासू-सून म्हणतात. सहाव्यावर रडकी चढण, तिथं भले भले मायच्या नावानं हाका मारतात. आन सातव्या मोडावर वारा एकदम थांबते, मंग माता दिसते. इतकं सांगून बाबाराव स्वतः थांबे, डोळे वर करे. एका बाईनं तर तलावाच्या कडेलेच हात जोडले होते. समोर गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला होता.

आता खरी गोष्ट अशी का बाबारावनं माता कधी पायलीच नव्हती.

पहिल्या साली तो निघाला होता हो सगळ्यायच्या पुढं. पण तिसरा मोड आला, एका अंगानं जमीन संपली, आन खाली पाहतो तर नदी सुतळीएवढी. वॅगनच्या टपावर नाचणारा माणूस, त्याचे गुडघे असे गळले का जसे दोन्हीकडचे नट कोणी ढिले केले. लोकायले म्हणला, व्हा पुढं, लघवीले जाऊन येतो. आन बसल्या बसल्या घसरत खाली आला. दिवसभर रामदेई नावाच्या पहाडी बाईच्या चहाच्या टपरीत बसला. गर्दीत कोणाले काही समजलं नाही.

त्याच वेळी सांगून टाकता आलं असतं. पण घरी आला तर माय अंथरुणावर. तिचं एक अंग गेलेलं, बोलणं फुटत नव्हतं. तिनं चांगला हात वर केला, कोणाच्या तरी ताटातून त्याच्या कपाळाले लागलेला टिळा बोटानं पुसला आन आपल्या कपाळाले लावला. आता सांगा, अशा मायले कोण म्हणन का बाई, हा टिळा उसना आहे? बाबाराव गप राहिला. आन एकदा गप राहिला तो राहिलाच.

पुढच्या साली त्यानं युक्ती काढली. म्हणे, मी पहाटे चारले एकटा जाऊन येतो, मंग दिवसभर धर्मशाळेत तुमचं सामान राखतो, तुमी मोकळ्या हातानं चढा. लोकायले काय, सोय झाली. बाबाराव चारले निघे, दुसऱ्या मोडाच्या अलीकडे रामदेईच्या टपरीत चुलीपाशी बसे आन साताले कपाळाले टिळा लावून परत येई. दुपारी एकेक जण खाली उतरला का त्याच्यापाशी बसून जोडे काढे आन कौतिक सांगे. बाबाराव पोलिसासारखं खोदून खोदून विचारे. घंटा कोणत्या हाताले वाजवली? देवदार वाळला का अजून हिरवा आहे? लोकायले वाटे, किती भक्ती या माणसाची, दरसाल पाहून बी मन भरत नाही.

असं सगळं सुतासारखं चाललं होतं. मंग विनोदिनी म्हणली, औंदा मी बी येईन.

विनोदिनी त्याची बायको. अकरा साल तिच्यानं घर सुटलं नाही, कारण सासू. सासू मागच्या साली गेली, वर्षश्राद्ध झालं, आन बाईनं जाहीर करून टाकलं. नुसतं येईन नाही, जोड्यानं दर्शन घेऊ म्हणे. आपल्याकडे लग्न झाल्यावर देवीले जोड्यानं जा लागते. त्या दोघायचं ते राहूनच गेलं होतं, त्या वक्ती बाबाराव टेम्परवरी होता, साहेबानं सुट्टी नाही देली. चाळीस वर्षाचं राहिलेलं देवीचं काम ते. आता पहाटे एकटा जाऊन येतो कसं म्हणणार?

त्यानं हरतऱ्हेनं पाहिलं. थंडी सांगितली, जळवा सांगितल्या, वर हवा पातळ आहे, श्वास लागते म्हणला. विनोदिनी गोल बाजारात जाऊन स्पोर्टचे जोडे घेऊन आली आन लुगड्याखाली घालून घरातल्या घरात चालायले लागली. बाबारावले त्या जोड्यायचा चकचक आवाज झोपेतबी ऐकू येई.

औंदाच्या टोळीत शेजारचा शामराव होता, कोर्टातला रिटायर बाबू. त्याले बाबारावचा पहिल्यापासून संशय. चारचौघात विचारे, काय बे बाबाराव, एवढी चढण चढून येतं तरी तुझ्या जोड्याले चिखल कसा नाही? आन चौबे कॉलोनीतली देवयानी होती, नया रायपूरच्या ऑफिसातली, सहा महिन्याआधीच वर्ध्याहून आलेली. तिच्या हातातला मोबाईल रात्री चार्जिंगले लागे तेवढाच काय तो सुटे.

चढायच्या दिवशी सकाळी बाबारावले एकच फिकीर, रामदेईची टपरी कशी पार करायची. दरीचं पुढं पाहू, पहिले टपरी. त्यानं माकडटोपी भुवयापर्यंत ओढली, वरून मफलर नाकापर्यंत, आन विनोदिनीले म्हणला, जरा लौकर पाय उचल. बाकी लोक मागं घंटेपाशी फोटो काढत राहिले होते. टपरी आली. बाबारावनं मान पहाडाकडे वळवली आन झपाझप चालला. दहा पावलं राहिले होते. तेवढ्यात त्याले खोकला आला. तो खोकला साऱ्या रायपुरात एकाच माणसाचा.

रामदेई चुलीपाशून उठून बाहेरच आली. म्हणे, "बाबूजी, टोपी में छुपोगे तो क्या खाँसी भी छुप जाएगी? चार बजे से तवा गरम करके बैठी हूँ."

मंग तिनं विनोदिनीले पायलं आन तिले इतका आनंद झाला का हात धरून बाकड्यावर बसवलं. भोळी बाई. तिनं भडाभडा सारं सांगून टाकलं. तुमचे बाबूजी अकरा साल माझ्याकडेच बसतात, चार ते सात. वर कधी जात नाहीत, पाय मानत नाहीत म्हणतात. पण आदमी हिरा आहे, सारा वेळ तुमच्याच गोष्टी सांगतात.

विनोदिनीनं सारं ऐकून घेतलं. मंग एवढंच विचारलं, "इथं खायले काय भेटते?"

"मूली के पराठे," रामदेई म्हणली. "बाबूजी तीन खाते हैं."

विनोदिनीनं नवऱ्याकडे पायलं. "तीन?"

बाबाराव मफलरीतून म्हणला, "कधी दोन."

आता हे परोठ्याचं प्रकरण काय, ते सांगा लागन, नाही तर तुमी म्हणसान बाईले एवढा राग कायचा. अकरा साल, ज्या दिवशी बाबाराव मातेले चढे, त्या दिवशी विनोदिनी रायपुरात कडक उपास धरे. पाणी बी नाही. नवरा पहाड चढून राहिला आन आपण घास कसा घ्यावा, असं तिचं. साडेसाताले बाबारावचा फोन येई, दर्शन झालं, खाऊन घे. मंग ती तोंडात साखर टाके. एका साली वर पाऊस झाला, मोबाईलचा टावर बंद. फोन लागला सांजच्याले सहाले. तोपर्यंत ती सासूचं सारं करत तशीच होती, आन शेवटी चक्कर येऊन मोरीत बसली. हे तिनं त्याले कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, तिथंच, रामदेईच्या बाकड्यावर, आवाज न चढवता.

"त्या साली किती खाल्ले होते?" तिनं विचारलं.

बाबारावनं मफलर अजून वर ओढला. तीन खाल्ले होते, वरून लोणी.

विनोदिनी उठली, पदर खोचला आन वर चालायले लागली. रामदेईले वाटलं बाईले घाई आहे. बाबाराव मागं मागं. टाकं गेलं. पाणी थंड होतं का गरम, त्याले पाहायची हिंमत झाली नाही. विनोदिनी मागं वळून बी पाहत नव्हती. मनात त्यानं ठरवलं होतं, दरी येवो का दरीचा बाप येवो, आता मागं फिरायचं नाही. आज मागं फिरलो तर ही बाई जन्मभर माझ्याशी नीट बोलणार नाही, आन तिचं चुकणार बी नाही.

पण गुडघ्यायले मनातलं कोण सांगणार? तिसरा मोड आला, खालची नदी दिसली आन बाबाराव भिंतीले पाठ लावून मटकन बसला. पाईपाचा कठडा होता, तरीबी बसला. विनोदिनी चार पावलं पुढं गेली, मागं त्याच्या पायाचा आवाज नाही म्हणून वळली. नवऱ्याचं तोंड पायलं तर जसं कणकीचं.

"काय झालं?"

तो म्हणला, "मले भेव लागते. पहिल्या दिवसापासून लागते. मायनं टिळा पुसून घेतला, मंग कोणालेच सांगता नाही आलं." मंग म्हणला, "तू जा. मी इथंच बसतो. खाली नाही जात, इथंच बसतो."

विनोदिनी त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिलेच ठाऊक. मागून लोकायचे आवाज येऊन राहिले होते, शामरावचा सगळ्यात मोठा.

"जोड्यानं म्हणलं ना मी," ती म्हणली. "उठा. डोळे मिटा आन हा पदर धरा. दरीकडून मी चालीन."

"मिटून कसा चढू?"

"अकरा साल न चढता लोकायले चढवलं तुमी. सांगा, चौथ्यावर काय आहे?"

हे ती काही लाडानं नव्हती विचारत. चिमटाच होता तो. पण बाबारावले धरायले काहीतरी पायजे होतं, त्यानं पदर धरला, डोळे घट्ट मिटले आन सांगायले लागला. आता थोडी उतरती लागन, जपून. आता दगडाच्या पायऱ्या, मोजून एकवीस. आता देवदार, अर्धा काळा. लोकायनं अकरा साल जे जे सांगितलं ते सारं त्याच्या पोटात होतं, ते तो बाहेर काढत गेला. आवाज आपोआप मोठा झाला. पायऱ्या खरंच एकवीस निघाल्या. विनोदिनी मनात मोजत होती, तिले बी नवल वाटलं.

फक्त पाचव्या मोडावर ती हळूच म्हणली, "सासू-सून पाठ करून नाही आहेत. तोंडासमोर तोंड आहे."

"मागच्या टोळीतला नरहर म्हणला होता पाठ करून."

"नरहरनं घरचं सांगितलं असन."

पदर धरलेल्या हाताले समजलं का तिची चाल जराशी सैल झाली.

मागून शामराव आन मंडळी येऊन भिडली होती. शामरावनं पायलं का बाबाराव डोळे मिटून चालून राहिला आन पुढचा दगड न् दगड सांगून राहिला. रडकी चढण येते म्हणला तर चढण आली. डाव्या हाताले ओढ्याचा आवाज येईन म्हणला तर आवाज आला. शामरावची बोलती बंद झाली. तो मागच्या लोकायले इशाऱ्यानं गप करू लागला, जसं कीर्तनात करतात. देवयानीनं मोबाईल काढला आन सारं रेकॉर्ड केलं. सहाव्या मोडावर जरासं नेटवर्क होतं, तिथूनच तिनं ते रायपूरच्या ग्रुपवर टाकून देलं. मंडळी वर पोचायच्या आधी पुरानी बस्तीत बावीस जणायनं हात जोडले होते.

सातव्या मोडावर वारा थांबते, असं बाबाराव सांगत आला होता. वारा काही थांबला नाही. असा सुटला का त्याचा मफलर उडून देवयानीच्या तोंडावर बसला. पण तोपर्यंत मंदिर आलं होतं, भिंत होती, भिंतीच्या आत दरी नव्हती. बाबारावनं डोळे उघडले.

पहिले त्याले दिसला शामराव. शामराव त्याच्या पायावर वाकला होता.

"चुकलो गड्या," शामराव म्हणे. "तुह्यावर शक घेतला मी."

बाबारावले ते सहन नाही झालं. त्यानं त्याले उठवलं आन सगळ्यायसमोर मोठ्यानं सांगितलं, "शामराव, आईच्यान सांगतो, मी आज पहिल्यांदा आलो इथं."

शामरावच्या डोळ्यात पाणी आलं. तो बाकीच्यायकडे वळून म्हणला, पाहा, एवढा मोठा माणूस, बारा वेळा येऊन बी याले दरवेळी पहिल्यांदाच वाटते. देवयानी म्हणे, काकाजी, ये लाइन एक बार फिर से बोलिए ना. बाबाराव तिले समजवायले गेला तर विनोदिनीनं त्याचा कोपर ओढला. म्हणली, राहू द्या. आता खरं बोलून काही फायदा नाही, तो वक्त गेला.

दोघं जोड्यानं रांगेत लागले. विनोदिनीनं रायपूरहून आणलेला खण-नारळ हातात घेतला होता, ओटीचा. रांग लांब, हात बधिर, पण सरकत सरकत एकदाचा उंबरठा आला. आत अंधार, धूप, घंटेचा आवाज. पुजाऱ्यानं खण-नारळ घेतला, मातेसमोर ठेवला, दोघायच्या कपाळाले टिळा लावला. बाबारावचं मन इतकं भरून आलं का त्यानं हात जोडले, मान वाकवली, डोळे मिटले. लहानपणापासूनची सवय, देवापुढं डोळे मिटतेच माणूस. तेवढ्यात मागून शिपाई म्हणला, चलो, आगे चलो, आन दोघं धक्क्यानं पलीकडच्या दारातून बाहेर.

बाहेर उन्हात विनोदिनीनं त्याच्याकडे पायलं. राग होताच अजून, पण थोडा होता. म्हणली, "पायली का नाही शेवटी?"

बाबारावचं तोंड पडलं. "डोळे मिटले होते."

विनोदिनी त्याच्याकडे पाहत राहिली. मंग पायरीवर बसली आन हसायले लागली. असं हसली का डोक्यावरचा पदर गेला, पोट धरलं, डोळ्यातून पाणी. जवळची एक पंजाबी बाई विचारायले लागली का बहनजीले काय होऊन राहिलं. तिनं हातानंच सांगितलं, काही नाही. मंग दम घेऊन नवऱ्याले म्हणली, परत जा. एकटे जा, आन डोळे उघडे ठेवा.

रांग मंदिराच्या मागून वळसा घेऊन येते, आन त्या वळशाले बाहेरच्या अंगानं दरी. पहिल्या वेळी पदर होता, आता पदर पायरीवर बसला होता. डोळे मिटावे तर पुढच्याच्या अंगावर जाते, लोक शिव्या देतात. बाबारावनं समोरच्या एका सरदारजीच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा धरला. सरदारजीनं वळून पायलं, याचं तोंड पायलं. मंग हळू चालायले लागला. तेवढ्या वळशात बाबारावनं दरी एकदा पायली. दोनदा पायली. पण पट्टा सुटला नाही.

आन मंग त्यानं माता पायली. हातभर मूर्ती, काळ्या दगडाची, चांदीचे डोळे, नथ, लाल चुनरी. गालाले जराशी खोक, जसा दगडाचा टवका गेला असन. अकरा सालात एकाबी माणसानं त्याले ही खोक सांगितली नव्हती.

बाहेर आला तो धावतच. विनोदिनीपाशी बसून त्यानं सारं सांगायले सुरुवात केली, आवाज तोच तलावाच्या कडेचा. डोळे असे, नथ अशी, आन गालाले खोक. विनोदिनीनं त्याले मधातच थांबवलं.

"खोक नाही. कुंकवाचा डाग आहे तो."

"खोक आहे. मी आता पाहून आलो."

"मी बी आताच पायली. कुंकू ओघळलं आहे."

झालं. चाळीस वर्षाचा संसार त्यायचा, भांडणाची सवय पक्की. तो म्हणे दगड, ती म्हणे कुंकू. शामराव जवळ आला तसं त्याले पंच केलं. शामरावनं कानटोपी सावरली आन मोठ्या अदबीनं म्हणला का वहिनी, राग नका मानू, पण तुमी पहिल्यांदा आल्या, बाबारावले बारा सालाचा अनुभव आहे, त्याचंच खरं मानावं लागन.

बाबाराव त्याच्याकडे पाहत म्हणला, "मी एकदाच पायली शामराव. हिनं बी एकदाच पायली. आमचं दोघायचं सारखंच."

शामरावनं पुन्हा हात जोडले आन देवयानीले म्हणला, हे बी घे रेकॉर्डात.

विनोदिनी उठली, लुगडं झटकलं. म्हणली, चला मंग, दोघं जाऊन पाहू, आन ज्याचं चुकन त्यानं उद्या गाडीत पाणी बी प्यायचं नाही. दिल्लीपर्यंत.

"दिल्लीपर्यंत लय होते," बाबाराव म्हणला.

"अंबाल्यापर्यंत."

"मंजूर."

रांगेच्या शेवटी जाऊन दोघं उभे राहिले. ती दरीच्या अंगाले राहिली. तो म्हणे खोक, ती म्हणे कुंकू. रांग एकेक पाऊल पुढं सरकत होती.